कडेचे बेड भरलेले आहेत

हे कोणाला पटावं म्हणून मी लिहीत नाहीये. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. माझी बायको आश्लेषा तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. तो आवाज तिनेही ऐकला.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. शनिवारची सकाळ होती. मी चहा टाकत होतो. तिकडे जपानमध्ये रात्र झाली होती.

माझी धाकटी बहीण रुचा एकटीच जपान फिरायला गेली होती. तीही इथेच आयटीत. जवळच आयसेलिनला राहायची.

नागपूरला आई वारली, तेव्हा व्हिसाच्या भानगडीमुळे आम्हा दोघांनाही जाता आलं नव्हतं. शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. तेव्हापासून रुचा एका जागी टिकेनाशी झाली. सुट्टी मिळाली की लांब कुठेतरी निघायची.

यावेळी तिने एक छोटंसं बेट शोधलं होतं. तिथे विमान जात नाही. बोटही आठवड्यातून दोनदाच.

"दादा, मिळालं रे होस्टेल! एकदम स्वस्त." व्हिडिओ कॉलवर ती खुशीत होती. "बाकी सगळं फुल आहे. बंदराचं काम चाललंय ना, सगळ्या खोल्या कामगारांनी घेतल्यात."

"तुझ्यासोबत कोण आहे?"

"कोणीच नाही. अख्खी डॉर्म माझी!"

तिने फोन फिरवून दाखवला. लाकडी खोली. भिंतींना लागून दुमजली बेड. प्रत्येक बेडला पडदा. सगळे पडदे उघडे.

"मालक म्हातारा आहे, बाजूच्या घरात राहतो. गंमत सांगू? ट्रान्सलेशन ॲपवर तो म्हणाला, मधल्या बेडवर झोपा. कडेचे बेड भरलेले आहेत."

"पण कोणी नाही म्हणतेस ना?"

"ॲपने घोळ केला असेल यार."

ती हसली. मीही हसलो.

तेवढ्यात तिच्या मागे... कोणीतरी कूस बदलली.

लाकूड करकरलं. मग एक लांब उसासा.

आश्लेषा चटकन जवळ आली. "रुचा, तिथे कोण आहे गं?"

"कुठे कोण, वहिनी?"

तिने पुन्हा फोन फिरवला.

कोपऱ्यातल्या बेडचा पडदा... लावलेला होता.

रुचाने जाऊन तो सरकवला. बेड रिकामा. तिने गादीवर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला.

"दादा... गादी गरम आहे."

ती मालकाकडे धावली. दार वाजवलं, हाका मारल्या. घरात दिवा होता. पण दार उघडलं नाही.

ती रात्र तिने दिवे लावून बसून काढली. मी लाइनवर होतो. आणखी काहीच झालं नाही.

सकाळी कळलं, वाऱ्यामुळे बोट कॅन्सल केली आहे.

दिवसभर ती पाठीवर बॅग घेऊन दारोदार फिरली. कुठे राहत होतीस म्हणून लोक विचारायचे. तिने सांगितलं की गप्प व्हायचे. एका म्हातारीने गरम भात दिला, वाकून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. बंदरावरच्या वेटिंग रूमलाही संध्याकाळी कुलूप लागलं. बाहेर उभं राहवेना असा वारा.

ती त्याच होस्टेलवर परत गेली. दुसरं करणार काय?

आमचं उजाडल्यावर मी कॉल केला. मला वाटलं, रडत असेल.

पण तिचा आवाज शांत होता. फार शांत.

"दादा, मला मघाशी कोणीतरी हाक मारली. रुचू म्हणून."

तिला रुचू फक्त आई म्हणायची.

"रुचा, ऐक माझं. आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

"बाहेर थंडी आहे रे. इथे बरं वाटतंय."

आणि मग... फोनच्या अगदी जवळून एक बायकी आवाज आला. मराठीत.

"झोप आता."

आश्लेषाने माझा दंड घट्ट धरला. कॉल कट झाला.

दोन दिवसांनी बोट सुरू झाली. रुचा आली नाही. "पुढच्या बोटीने येते," एवढंच म्हणाली. पुढचीही बोट गेली. तेच उत्तर. मी बेटावरच्या पोलीस चौकीत फोन लावला. ते जाऊन बघून आले. म्हणाले, ती ठीक आहे, तिला राहायचंय.

"तू जा," आश्लेषा म्हणाली. "व्हिसाचं काय व्हायचं ते होऊ दे. यावेळी जा."

मी गेलो. पण जपानला, बेटाची बोट सुटते त्या बंदरात पोचलो तर पुन्हा वारा. बोट बंद. तिथल्या बाकावर बसून मी तिला फोन करत राहिलो. रिंग जायची. कोणी उचलत नव्हतं.

बेटावर पोचलो तेव्हा होस्टेलच्या दारात पोलीस उभा होता.

रुचा कोपऱ्यातल्या बेडवर होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. कारण सापडलं नाही.

तिच्या अंगावरचं पांघरूण नीट खोचलेलं होतं. दोन्ही बाजूंनी, गादीखाली. पायाशी घट्ट, खांद्याशी सैल.

लहानपणी आई आम्हाला असंच पांघरूण घालायची.

झोपलेल्या माणसाला स्वतःचं पांघरूण असं खोचता येत नाही. मी मालकाला ॲपवर विचारलं, हे कोणी केलं? तो हळूच काहीतरी बोलला. ॲपवर अक्षरं उमटली...

"अंधार पडल्यावर मी आत जात नाही."

तिला तिथेच अग्नी दिला. अस्थी घेऊन एकटाच परत आलो.

याला आता काही महिने झाले. मी ऑफिसला जातो, शनिवारी ओक ट्री रोडवरून भाजी आणतो. झोप अशी लागत नाही. परवा आश्लेषाने माझ्या फोनवर त्या होस्टेलचं पान उघडं पाहिलं. तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. मी शपथ घेतली, जाणार नाही.

पण आता तिथे दोघी असतील... हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

सुरुवातीला या विचाराने मला दरदरून घाम फुटायचा.

आता फुटत नाही.