उंबरठ्याच्या आतली माती

मी जमिनी तपासते. तेलाच्या विहिरी आटल्या आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली, की मागे उरलेली माती माणसांनी राहण्याजोगी आहे का, हे मी सांगते. लोकांना वाटतं, फार मोठं शास्त्र असेल. आहेच. पण निम्मं काम म्हणजे उन्हात उभं राहून दुसऱ्याला भोक पाडताना बघणं.

हे काम मात्र मी घ्यायलाच नको होतं. ती आमचीच कॉलनी होती.

तेलक्षेत्राच्या कडेला एकसारखी एकशेवीस क्वार्टर्स. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेर नळ. तेल उपसणारे लोखंडी पंप दिवसभर माना हलवायचे. आम्ही त्यांना घोडे म्हणायचो, आणि प्रत्येक पोराचा आपापला घोडा ठरलेला. माझा दर हेलकाव्याला कुईं करायचा. जादा गॅसची ज्योत रात्रभर जळायची, त्यामुळे आमच्याकडे अंधार असा कधी झालाच नाही. दादा पहिल्यांदा हॉस्टेलवर गेला तेव्हा अंधाराला घाबरून रडला होता. मी अजून चिडवते त्याला. काय दिवस होते! त्या मातीत काय काय मुरत होतं ते आज मला आकड्यांसकट माहीत आहे, तरीही म्हणते, काय दिवस होते.

बाबा सात नंबरच्या विहिरीवर होते. आणि घरात आईचा कायदा होता: तेल उंबरठ्याच्या आत येता कामा नये. बाबा नळावर हातपाय घासून, कपडे बदलून मगच आत यायचे. बाकी सगळ्या जगाशी भांडणारा माणूस, इथे मुकाट्याने साबण मागायचा.

मी नऊ वर्षांची होते. एका दुपारी ते ड्युटी सोडून मधेच घरी आले, डोक्यापासून पायापर्यंत काळे. काहीतरी सांगायचं होतं. आईने दारातच अडवलं. "आधी धुऊन या, मग बोला." ते हसले, नळाकडे वळले, तेवढ्यात भोंगा झाला आणि तसेच पळाले. सात नंबरला आग लागली होती. त्यांचं काहीच सापडलं नाही. ते काय सांगायला आले होते, हेही कधी कळलं नाही.

त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. क्वार्टर्स पायासकट उखडून नेली. आता जमीन खात्याने ठरवलं होतं, की माती चांगली निघाली तर जुन्या कुटुंबांना आपापली जागा घर बांधायला द्यायची. म्हणजे मी कागदावर 'योग्य' लिहिलं, तर आमचं चौदा नंबर आईला परत मिळणार.

आई दादाकडे राहते, चौथ्या मजल्यावर. एक्याऐंशी वर्षांची. पुष्कळ गोष्टी विसरली आहे, पण रोज सकाळी विचारते, "आपण घरी कधी जायचं रे? हे आले तर दार कोण उघडणार?"

दादा फोनवर म्हणाला, "सगळं तुझ्या एका सहीवर अडलंय बघ."

"दादा, माती काही माझं ऐकत नाही."

"तू कधी कुणाचं ऐकलंस, म्हणजे ती तुझं ऐकेल!"

पहिल्या फेरीत सगळीकडे तेच. चार फुटांखाली काळी, चिकट माती, डोकं धरायला लावणारा वास. मग चौदा नंबरच्या जागी नळी ठोकली आणि तिच्यातून पिवळीधमक माती वर आली. पंधरा वर्षं माझ्याबरोबर असलेला बोअरवाला बोलायला महाकंजूस. तोसुद्धा म्हणाला, "मॅडम, इथली माती कुणी बदलली का?"

कुणीही बदललेली नव्हती. मलाच ती चांगली निघायला हवी होती, म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. एकमेकांना लागून भोकं पाडून घेतली. एका वितीच्या अंतरात इकडे काळी, तिकडे पिवळी. संध्याकाळी कागदावर ठिपके जोडले, तर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उमटलं.

पाया होता दोन फुटांचा. तेल सहा फूट खोलवरही भिंतीच्या रेषेपाशीच थांबलेलं होतं.

कारणं काय, मी दहा सांगू शकते. चिकणमातीचा थर, पाण्याची दिशा. पण खरं सांगते, त्या दिवशी मला कारण नको होतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आईचा कायदा जमिनीखालीसुद्धा चालत होता.

नियमाप्रमाणे आठवड्याने दुसरी फेरी करायची आणि मगच सही. मधल्या रविवारी दादाला धीर धरवेना. तो आईला जागा दाखवायला घेऊन आला.

उघड्या रानात आई उभी राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा जागेवर आला. "इथे शेगडी. इथे पलंग. दादा, दप्तर वाटेत टाकू नकोस." सगळं अचूक. मी नकाशा हातात घेऊन बघत होते. एक पाऊलही चुकलं नाही.

मग ती दाराच्या जागी वळली आणि बाहेर बघू लागली. बराच वेळ. तिथे काही नव्हतं, वाळलेलं गवत होतं.

"अहो," ती म्हणाली, "किती दिवस बाहेर उभे राहणार? असू दे तेल. या आत."

आणि बाजूला सरकून तिने वाट दिली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे.

बुधवारी दुसरी फेरी केली. दारापाशी पहिलं भोक: काळं. त्याच्या आत अडीच फुटांवर दुसरं: काळं. असं पाच वेळा. आजूबाजूला सगळी पिवळी माती, आणि मधून पलंगाच्या जागेपर्यंत ही एक रांग.

बोअरवाल्याने नळी पुसली आणि गाडीत जाऊन बसला.

मी 'अयोग्य' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? एक्याऐंशी वर्षांच्या बाईचं घर दुसऱ्यांदा पडत होतं, या वेळी माझ्या सहीने.

दादाला रात्री कळवलं, आईला फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दादाकडे गेले. दार त्याने उघडलं. तोंडचं पाणी पळालेलं.

"सांगितलंस?" मी विचारलं. "जागा मिळणार नाही म्हणून?"

"सांगितलं."

"रडली?"

"नाही." तो कसाबसा म्हणाला, "म्हणाली, आता तिकडे कशाला जायचं?"

मी आत गेले. आईच्या पलंगावरची गादी उघडी होती. तिची बाजू स्वच्छ. दुसऱ्या बाजूला माणसाएवढा काळा डाग, आणि तो वास. तीस वर्षं मी बरण्यांत भरून मोजलेला, आणि त्याआधी नऊ वर्षं ज्याच्या कुशीत झोपलेली, तो.

आई न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसून चादर पिळत होती. शेजारच्या बादलीत काळं पाणी. चेहरा अगदी निवांत.

"आलीस? बस," ती म्हणाली. "एवढं झालं की चहा टाकते."

दादा माझ्या शेजारी उभा होता. वहिनी कामाला गेलेली.

ओली चादर जड असते, एकट्याने पिळली जात नाही. मी पुढे झाले. "दे आई, मी धरते एक टोक."

"राहू दे गं," ती म्हणाली. "धरलंय."

चादर तिच्या हातांपासून अर्ध्या लोटलेल्या दाराआड गेली होती. ताणलेली होती, आणि पलीकडून उलटा पीळ घेत होती.