नंदूच्या समोरची सीट

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. मला कुणाला पटवायची नाही. माझ्या लेकीच्या दंडावरचे डाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, तेवढं मला पुरे आहे.

यात स्मशान नाही, अमावस्या नाही. जे झालं ते मागच्या डिसेंबरात, संभाजीनगरात, हडकोतल्या आमच्या कॉलनीत, संध्याकाळी साडेपाचला झालं. चांगल्या उजेडात.

मी रूपाली. खाली सासूबाई आणि आम्ही, वरच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ संस्कृती. माझी राजनंदिनी, म्हणजे नंदू, तेव्हा नऊ महिन्यांची. संस्कृतीचा शिवराज तिच्यापेक्षा वीस दिवसांनी लहान.

पण कौतुक सगळं शिवराजचं.

संस्कृतीच्या माहेरहून त्याला बाबागाडी आली. राखाडी रंगाची, एका हातानं मिटणारी. पहिल्या दिवशी तिनं बारशाला पाळण्यात ठेवतात तसा गाडीत आधी वरवंटा ठेवला, कुंकू लावलं, मग शिवराजला बसवलं आणि फोटो स्टेटसला टाकला. संध्याकाळी ती खाली उतरली की अख्खी कॉलनी त्या गाडीवर वाकायची. नंदू माझ्या कडेवर. तिच्याकडं कुणी बघायचं नाही.

मी जळत होते. सरळ सांगते. जेवताना, भांडी घासताना मला ती गाडीच दिसायची.

शेवटी टीव्ही सेंटरजवळ शौकतभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी चार गाड्या काढून दाखवल्या. ब्रेक दाबून दाखवला, बेल्ट ओढून दाखवला.

"एकच बच्ची है ना? मग ही घ्या. हलकी है, आपल्या खड्ड्यांत बी चालंल."

माझं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं लाल वॅगन होती. चार जाड चाकं, वर छत, आत समोरासमोर दोन सीटा.

"ती जुळ्यांची है, मॅडम. एका लेकराला लई मोठी."

"मोठीच पाहिजे," मी म्हटलं.

घरी आणली तर सासूबाईंनी आधी दुसरी सीट बघितली.

"रिकामा पाळणा हलवत नसतेत, तसंच हे. त्या बाजूला वरवंटा ठेव गं. रिकाम्या जागंला कोनीबी येऊन बसतंय."

वरवंटा संस्कृतीनं ठेवला होता. मग मी कशाला ठेवीन?

संध्याकाळी संस्कृती म्हणाली, "ताई, शिवराजला बसवू का नंदूसमोर? खेळतील दोघं."

"नको गं. त्याला आहे ना त्याची भारीतली."

तिचं तोंड उतरलं. मला किती बरं वाटलं, ते सांगायची आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वॅगन बाहेर काढली तर समोरच्या सीटचा बेल्ट लावलेला होता...

मी लावला नव्हता. म्हटलं, सासूबाईंनी लावला असेल.

कॉलनीतून फिरवताना गाडी एका बाजूला झुकत होती. नंदूच्या नाही. समोरच्या...

नंदू हसत होती. तिनं हातातलं बिस्कीट पुढं केलं. हात मागं आला तेव्हा रिकामा होता. मी वाकून बघितलं. सीटवर बिस्कीट नव्हतं. खाली नव्हतं. चुरासुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी तिला बसवलं, पापा घेतला आणि छत ओढायला वळले.

नंदू किंचाळली.

तिच्या दंडावर लाल डाग होता. चिमट्याचा. दोन बारीक बोटांचा...

माझं डोकं फिरलं. संस्कृती नुकतीच तिथून वर गेली होती, तिनंच राग काढला असं वाटलं. मी तडक वर गेले आणि संस्कृतीला नाही नाही ते बोलले. पोरगी रडतच शिवराजला घेऊन बिडकीनला माहेरी निघून गेली.

दीर कामावर गेले की वरचा मजला बंद. कुलूप.

दुसऱ्या दिवशी वॅगनमध्ये बसलेल्या नंदूचा मी पापा घेतला. आणि दुसरा डाग उठला. माझ्या डोळ्यांदेखत. तिच्याजवळ माझ्याशिवाय कुणीच नव्हतं...

मी तिला उचललं आणि चालायला लागले. वॅगन तिथंच सोडली, उताराच्या खालच्या टोकाला, ब्रेक लावून.

दहा पावलं गेले असेन.

मागून चाकांचा आवाज आला...

वॅगन चढावर येत होती. हळूहळू. आमच्या मागं.

मी थांबले. ती थांबली.

तसंच नंदूला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हातानं वॅगन ढकलत शौकतभाईंच्या दुकानात नेली. ढकलताना हात भरून आला. दुकानात म्हटलं, "ही मिटवा. मला नको."

शौकतभाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"पहले दुसऱ्या बच्चे को तो उतरवा ना, मॅडम."

मला तिथून निघायचं होतं फक्त. मी वाकले आणि समोरच्या सीटचा बेल्ट सोडला.

शौकतभाई पुन्हा सीटकडं बघत राहिले. चष्मा काढून पुसला. मग वॅगन आत नेली.

चालत घरी आले. नंदू डाव्या कडेवर होती. जड मात्र उजवी कड लागत होती...

बिडकीनला जाऊन मी संस्कृतीच्या पाया पडले, वयानं मोठी असून. ती आली. तिनंच शिवराजची गाडी नंदूला दिली. एकाच सीटची. वाटलं, सुटले.

नंदू आता दीड वर्षाची आहे. तिला नीट बोलता येत नाही. पण मी पापा घ्यायला वाकले की ती इवल्याशा हातानं माझी हनुवटी धरते आणि माझं तोंड उजवीकडं वळवते. तिथं कुणी नसतं.

एकदा मी ऐकलं नाही. तिसरा डाग उठला.

तेव्हापासून पहिला पापा मी हवेत देते, मग नंदूला. सासूबाई नुसत्या बघतात.

परवा हवेत पापा देताना ओठांना गाल लागला...

मऊ होता. नंदूच्या गालाएवढाच.