दगडावरचा आठवा माणूस

बळेपेटेत, तंबोऱ्यांच्या दुकानामागे बिंदुमाधवाचा शिळाछापखाना होता. संपाची पोस्टरं तोच काढायचा. ओळखीचा चेहरा दिसला की कामगार भिंतीपाशी थबकतो, म्हणून खऱ्याच माणसांना समोर बसवून तो त्यांना तेलकट खडूनं दगडावर उतरवी. अठ्ठावन्न सालच्या त्या सकाळी त्यानं गिरणीतले सात जण काढले. सर्वांत पुढे धाकटा भाऊ, शेषगिरी.

शाई फिरवून दगडावरून पहिला छापील कागद उचलला. त्यावर आठ जण होते.

आठवा अगदी मागे, धुरकट, पाठमोरा.

"घाई केलीस, अण्णा. जुनं चित्र नीट घासलं नाहीस," शेषगिरी हसला. "असू दे. मोर्चाला एक माणूस फुकट मिळाला."

खरंच घासलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या संपाचं पोस्टर याच दगडावर होतं. त्यातला परसू मोर्चाला गेला तो गेलाच. कुणाला सापडला नाही. त्याचीच ही एका बाजूला झुकलेली मान.

दहाव्या कागदावर ती मान वळली होती. विसाव्यावर परसू इतरांच्या घोळक्यात शिरला होता. चाळिसाव्यावर त्याचा हात शेषगिरीच्या खांद्यावर होता. हलकेच, दमलेल्या सोबत्यानं ठेवावा तसा.

"शेषा, आज जाऊ नकोस."

शेषगिरीनं कागद बराच वेळ पाहिला. "तुझाच खडू सरकला असेल," तो म्हणाला; पण खांदा चोळत होता. "चारला मोर्चा निघतो. भिंतीवर माझं तोंड आणि मी घरात? लोक काय म्हणतील? वहिनीला स्वल्प कॉफी ठेवायला सांग. आलोच."

पोस्टरांचा गठ्ठा काखेत मारून तो गेला.

बिंदुमाधवानं दाराला कडी घातली. दगडावर वाळू टाकली, पाणी शिंपडलं, वर दुसरा दगड ठेवून घासू लागला. जातं ओढावं तसा तो अंगानिशी डोलत होता. चेहरे करड्या पाण्यात विरघळले. बाहेर घोषणा आल्या, दारावरून मैदानाकडे गेल्या, लांब लांब होत गेल्या.

मग एकदम थांबल्या.

त्यानं दगडावर तांब्याभर पाणी ओतलं.

बाकी सगळे पुसले गेले होते. दोघे उरले होते. पाठमोरे, बोटाएवढे, बरोबरीनं चाललेले.

त्यानं पुन्हा वाळूची मूठ भरली. हात तसाच राहिला. परसूला घासावं, तर शेषाही जाणार.

"शेषा," तो दगडाला म्हणाला.

पाणी सुकत आलं, तसे ते दोघे आणखी लहान झाले.