पूर्ण शक्तीवर पडलेला काटा

कांताबाई दारातच उभी राहिली. कमलाकर वकिलांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

“माही माय बुडाली, बाई. अन् साहेब म्हणते, माह्या नवऱ्यानं बुडवली. बारा दिस झाले, म्या त्यायच्याशी बोलली नाही. खरं असन तर त्या घरात राह्यत नाही.”

रत्नप्रभाबाईंनी चष्मा पुसला. वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यावर त्या यवतमाळात खाजगी तपास करू लागल्या होत्या. त्यांच्या निष्कर्षापर्यंत त्यांचे सहकारी कमलाकर नेहमी एक मुक्काम उशिरा पोचत.

सप्टेंबर १९६४. पैनगंगेला वरून लोंढा येत असल्याचा बिनतारी निरोप घाटंजीजवळच्या टेकडीवरील रिपीटरपर्यंत पोचला. क्षीण आवाज झेलून त्यात नवे बळ भरून पुढे धाडणे, हे त्या यंत्राचे काम. ढाणकीच्या चौकीला मात्र निरोप मिळाला नाही. बाजारकरूंचा डोंगा घाटावरून सुटला. सात माणसे गेली. त्यांत कांताबाईची आई तुळसाबाई होती. टेकडीवर ड्यूटीला होता बाबाराव मुनेश्वर, कांताबाईचा नवरा.

कांताबाई आली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिघे टेकडीवर गेले.

प्रमुख नीळकंठराव अगत्याने सामोरे आले. “शक्तीचे दोन टप्पे आहेत. जवळच्या घाटंजीला कमी शक्ती पुरते, ढाणकीला पूर्ण लागते. सदैव पूर्ण ठेवली तर बॅटऱ्या रिकाम्या होतात, म्हणून बटण माणसाच्या हाती. आणि माणूस कोण, तर हा बाबाराव! घ्या, वकीलसाहेब, पाणी घ्या. निःशंक घ्या, माझ्या हातचे आहे.”

कमलाकरांनी पेला रिता केला. पाणी अगदीच बेचव होते. पण आपल्या माणसाच्या अगत्याला चव कोण विचारतो?

“बॅटऱ्या जुन्या आहेत?” रत्नप्रभाबाईंनी विचारले.

“वर्षाच्या आतल्या! नागपूरहून डिस्टिल्ड पाणी येते, वाफेचे, क्षाराचा कण नसलेले. तेवढेच बॅटरीत घालायचे. बरणीवर माझी स्वतःची देखरेख असते.”

बाबाराव निलंबित होता. जबाबासाठी ओट्याखाली उभा होता. बायकोकडे त्याने पाहिले नाही. “म्या बटन पुरं फिरवलं, बाई. फिरवल्याबरोबर मीटरचा काटा खाली पडला, दिवा मंदावला. ढाणकी ढाणकी करून घसा बसला माहा.”

“बॅटरीत पाणी कोण घालतं?”

“म्याच. दर सोमवारी, बरणीतलं.”

चौकीदार लखीराम चुलीशी बसला होता. “हिर एकच हाय, बाई. पाणी असं का दाळ नाही शिजत. म्या पितो, बाबाराव पितो. साहेब नाही पीत.”

“मग साहेब काय पितात?”

“त्यायच्या खोलीत मडकं हाय. कोन भरते, मले काय मालूम? म्या तर आजवर भरलं नाही. हिरीच्या दोन कळश्या मात्र साहेब आठवड्याला मागते. म्हणते, फरशी धुवाले.”

“फरशी धुतलेली पाहिलीस?”

लखीराम हसला. “जाळे पाहा ना बाई कोपऱ्यातले!”

बॅटरीच्या खोलीत रत्नप्रभाबाईंच्या बोटांना आम्ल लागले. त्यांनी बरणीतले पाणी घेऊन साबण चोळला. फेस येईना, हातावर नुसता पांढरा साका.

“सरकारी साबण!” कमलाकर हसले.

बाई हसल्या नाहीत. “सगळ्यांना आत बोलवा. आणि साहेबांचे मडके आणा.”

मडके पाहताच नीळकंठरावांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. बाईंनी तोच साबण मडक्यातल्या पाण्याने चोळला. दोन्ही हात फेसाने भरून गेले.

“विहिरीचे पाणी क्षारांचे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही. ते बरणीत आहे. आणि फेसाळणारे, बेचव, बिनक्षाराचे पाणी मडक्यात आहे. बॅटऱ्या महिनोन्‌महिने विहिरीचे पाणी पीत होत्या. कमी शक्तीचा भार त्या कशाबशा पेलत. पूर्ण शक्ती मागताच काटा पडला. बाबारावाने बटण फिरवले होते. मागे काही उरलेच नव्हते.”

“पण डिस्टिल्ड पाणी पिण्याचा हा उपद्व्याप कशासाठी?” कमलाकरांना अजून उलगडेना.

“विहीर एकच आहे, आणि तिच्यात बाबारावाचा दोर पडतो. त्याचा साहेबांना विटाळ. म्हणून साहेबांनी यंत्राचे पाणी स्वतःला घेतले आणि उणीव विहिरीतून भरून काढली.”

कमलाकरांना नीळकंठरावांनी दिलेला पेला आठवला. तो पेला त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्याला होता.

“यंत्राला काय कळते?” नीळकंठराव ओरडले. “पाणी ते पाणी!”

“हेच वाक्य तुम्ही माणसाबद्दल एकदा म्हणाला असतात,” बाई म्हणाल्या, “तर सात जण आज जिवंत असते.”

बाबाराव बरणीजवळ खाली बसला. “माह्याच हातानं वतलं म्या. दर सोमवारी. माह्याच हातानं.”

नीळकंठराव कमलाकरांच्या कानाशी झुकले. “वकीलसाहेब, आपण आपल्यातले. साबणाचे तेवढे कागदावर येऊ देऊ नका.”

कमलाकरांनी टाक उचलला. साक्षीदार म्हणून पहिले नाव त्यांनी स्वतःचे लिहिले.

कांताबाई जमिनीवर, नवऱ्याशेजारी बसली. मग तिने पदराने त्याचे तोंड पुसले.

“सकायपासून काही खाल्लं काय तुम्ही?”