शंभरातले अठ्ठावन्न लिटर

"अहो मॅडम, थांबा... ते पाणी आमचं नाही!"

आवाज मागून आला आणि तिचा हात हवेतच राहिला. हातात काचेचा ग्लास, ग्लासात नितळ पाणी, समोर कॅमेरा सरसावून उभा असलेला फोटोवाला. पंधरा देशांत कापड रंगवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या इथल्या कारखान्याच्या पर्यावरण अहवालासाठी मुखपृष्ठाचा फोटो काढायचा होता, आणि अहवाल लिहिणारी होती ती.

तिने वळून पाहिलं. मागे एक तरुण उभा होता. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दुमडलेल्या बाह्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं दाबून धरलेलं हसू.

"आमचं नाही म्हणजे?"

"म्हणजे ते कॅन्टीनमधलं प्यायचं पाणी आहे. या साहेबांनी माझ्यादेखत भरलं." फोटोवाला एकदम कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. "आमचं पाणी हे इथे—"

त्याने कठड्यापलीकडे बोट दाखवलं. खाली भलंमोठं टाकं होतं, आणि त्यातलं पाणी शाई ओतल्यासारखं निळंशार.

"अगं बाई! हे तर निळं आहे!"

"आज निळं. काल तपकिरी होतं. कारखान्यात ज्या रंगाचं कापड चालू, तो रंग इथे. पुढच्या वर्षी लोक काय घालणार, ते दुकानदारांच्या आधी मला कळतं."

तिला हसू आलं. सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या विभागाचा तो इंजिनियर. सगळा कारखाना त्याला 'पाणीवाले' म्हणायचा. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरातच नव्हतं.

"राग येणार नसेल तर एक बोलू?" तो म्हणाला.

"बोला ना."

"तुमचा हा स्कार्फ..."

तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. आता कौतुक होणार, म्हणून तिने चेहराही तसा तयार केला.

"मोरपंखी! अत्यंत हट्टी रंग. एकदा पाण्यात उतरला की निघता निघत नाही. गेल्या वर्षी तीन आठवडे मी याच्यापायी डोकं धरून बसलो होतो."

"मग काढून ठेवू का?"

"नको, नको..." तो गडबडला. "गळ्यात बरा वागतोय तो."

मग त्याने स्वतःच एक ग्लास भरून आणला, सगळ्या टाक्यांतून आणि गाळण्यांतून पार पडलेल्या पाण्याचा. तिने तो उजेडात धरला.

"जरासं पिवळसर दिसतंय."

"खरं आहे ना, म्हणून."

फोटो त्याच ग्लासाचा निघाला. खरी पंचाईत पुढे झाली. तिने त्याच्यासमोर सहीचा कागद ठेवला. कागदावर लिहिलं होतं, 'वापरलेल्या दर शंभर लिटर पाण्यापैकी ब्याण्णव लिटर स्वच्छ होऊन पुन्हा कारखान्यात जातं.' त्याने वाचलं, पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"हा गेल्या वर्षीचा आकडा आहे. यंदा अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न?" तिचा चेहराच पडला.

"अर्ध्या गाळण्या निकामी होऊन आठ महिने झाले. तीनदा नव्या मागवल्या. तिन्ही वेळा उत्तर आलं— पुढच्या तिमाहीत पाहू. उरलेलं पाणी नियमाइतकं साफ करून आम्ही नदीत सोडतो, आणि तेवढंच ताजं पाणी नदीतून उचलतो. गुन्हा नाही त्यात. पण ब्याण्णवही नाही." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "अठ्ठावन्न लिहून आणा. आनंदाने सही करतो."

ऑफिसात विभागप्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"हे बघ, गाळण्या आज ना उद्या येणारच. मग आकडा खराच होणार की! वर्षभर परदेशातल्या मुख्य कार्यालयात जायची स्वप्नं बघतेयस, मी तुझं नाव पुढे केलंय. आता नाट लावू नकोस. त्या पाणीवाल्याला गोड बोलून सही घे."

गोड बोलून सही घ्यायला म्हणून ती पुढच्या बुधवारी गेली. त्याच्या पुढच्याही बुधवारी गेली. गोड बोलणं झालं, सही काही झाली नाही. त्याने तिला एक टाकं दाखवलं, त्यात रंग खाणारे जिवाणू राहत होते. "यांना वेळेवर हवा लागते, वेळेवर खाणं लागतं. नाहीतर रुसतात."

"आणि रुसले की?"

"समजूत काढावी लागते."

"येते तुम्हाला समजूत काढता?"

"जिवाणूंची येते," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तिसऱ्या बुधवारी पाऊस आला. सरळ, दाट, पत्र्यांवर ताशा वाजवत. पाऊस आला की टाकी भरतात, म्हणून तो कठड्याशी उभा राहून मोजपट्टीवर नजर ठेवून होता, डोक्यापासून पायापर्यंत चिंब. ती छत्री घेऊन शेजारी जाऊन उभी राहिली. छत्री एक, माणसं दोन. त्याचा डावा खांदा भिजत होता, तिचा उजवा.

"तुम्ही आत जा, सर्दी होईल."

"आणि तुम्हाला नाही होणार?"

"मला सवय आहे."

"मलाही होईल की... सवय."

त्याने छत्रीची मूठ तिच्या हातातून आपल्या हातात घेतली आणि तिच्या बाजूला इंचभर कलती केली. मोजपट्टी वाचायला तो दोनदा विसरला.

पाऊस ओसरल्यावर त्याने सांगून टाकलं. "कारखान्याच्या साहेबांनी निर्वाणीचं बजावलंय. शुक्रवारपर्यंत ब्याण्णववर सही, नाहीतर माझी बदली गोदामात. तुमचंही काहीतरी अडलंय ना माझ्यामुळे? ऐकलं मी, परदेशातलं."

"कुणी सांगितलं?"

"फोटोवाल्याने." तो खाली बघत म्हणाला, "मला वाईट वाटतंय. पण मी रोज या पाण्याकडे बघतो हो. त्याच्यासमोर खोटं कसं बोलू?"

ती घरी आली. तिला लहानाची मोठी केली होती आत्याने. निवृत्त शिक्षिका, तपासणीची लाल पेन्सिल अजून पर्समध्ये बाळगणारी. अहवालाचा मसुदा आत्याने जेवणाच्या टेबलावर वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर जांभई दिली.

"काय गं चिमणे, 'आम्ही कटिबद्ध आहोत' अकरा वेळा आलंय. इतक्या वेळा सांगावं लागतं म्हणजे काहीतरी गडबड आहे."

मग तिने सगळं सांगितलं. आकडा, गाळण्या, गोदाम, छत्री. छत्रीपाशी आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

"परदेशी जायचंय तुला?"

"जायचं होतं... आहे. पण आत्या, खोट्या आकड्यावर पाय ठेवून तिथे पोचले, तर तिथेही हेच करत बसेन ना मी?"

"मला कशाला विचारतेस? उत्तर तुझ्याकडेच आहे. आणि तो मुलगा, त्या छत्रीवाल्याला घरी कधी आणतेस?"

"आत्या!"

शुक्रवारी अहवाल गेला तो अठ्ठावन्न घेऊन. एकोणिसाव्या पानावर तिने सरळ लिहिलं, आकडा का घसरला, गाळण्या कधी मागितल्या, काय उत्तर मिळालं, आणि आल्या तर किती पाणी वाचेल. खाली दोन सह्या. एक त्याची, आणि अशा कागदावर एरवी नसते ती, लिहिणारीची. विभागप्रमुख बाईंनी मसुदा अडवायचा प्रयत्न केला. तिने नम्रपणे सांगितलं की सही केलेला कागद बदलता येत नाही. परदेशावर तिने पाणी सोडलं होतं.

दहा दिवसांनी मुख्य कार्यालयाची ऑनलाइन बैठक भरली. पडद्यावर बारा चेहरे. संचालकांपैकी पिकल्या केसांच्या एका बाईंनी विचारलं, "एकोणिसावं पान कुणी लिहिलं?"

तिने हात वर केला.

"पंधरा कारखान्यांचे अहवाल वाचले मी. चौदांमध्ये सगळं उत्तम चाललंय, आणि त्यामुळे त्या चौदांवर माझा विश्वास बसत नाही." बाईंनी समोरचं पान उलटलं. "गाळण्या या महिन्यात पाठवा. आणि या पानावर सही करणाऱ्या इंजिनियरला कुणी हलवायचं नाही."

मुख्य कार्यालयातली जागा मात्र दुसऱ्याच कुणाला मिळाली. तिच्या वाट्याला आले बाकीचे चौदा कारखाने. तिथे जाऊन आकडे खरे का खोटे, ते पाहायचं. ती बॅग भरून निघाली आणि दोन महिने फिरत राहिली. रोज काहीतरी त्याला लिहून पाठवावंसं वाटे, आणि रोज ती लिहून पुसून टाके. त्याच्याकडूनही एवढंच आलं, 'गाळण्या बसल्या. आभार.' त्या 'आभार'चा तिला भयंकर राग आला.

परतली त्याच सकाळी फोन वाजला.

"मॅडम, अहवालात एक चूक सापडलीय. गंभीर आहे."

धावतपळत ती कारखान्यात पोचली. तो छापील अहवाल मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसला होता. मऊ ऊन पडलं होतं, पंप एका लयीत घुमत होते.

"कुठे आहे चूक?"

"पान सव्वीस. 'आमचे सर्व कर्मचारी समाधानी आहेत.' मला कुणी विचारलंच नाही."

ती धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे... तुम्ही समाधानी नाही?"

"दर बुधवारी येणारं माणूस एकाएकी दोन महिने यायचं बंद झालं, तर कोण समाधानी राहील?" त्याने अहवाल मिटला. आवाजातली थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "रोज वाटायचं, लिहावं काहीतरी. आभारापलीकडे हात गेलाच नाही. मला तुमची... मला तुम्ही आवडता. खूप. हे कुठल्या पानावर लिहितात, ते मला माहीत नाही."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. इतक्या जवळ, की बाहीला बाही लागली.

"मग दुरुस्ती करायला हवी," ती हळूच म्हणाली. "मी येत जाईन. पण आता कामासाठी नाही."

"कामाशिवाय आत सोडत नाहीत. फाटकावर वही असते. भेटीचं कारण लिहावं लागतं."

"लिहीन की."

"काय लिहिशील?" बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. "म्हणजे... लिहाल..."

"राहू दे, तेच बरं वाटलं," ती हसली. "आणि मी तिथे एकच अक्षर लिहीन—"

"कोणतं?"

"तू."