मिटल्या डोळ्यांचा रंग

जर्मनीतल्या गोर्लित्समध्ये नाइस नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत युटा पोलांटचं दुकान आहे. फिल्मवर चालणारे जुने कॅमेरे दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकाला हवं तर नव्या रंगात रंगवून द्यायचे, हा तिचा धंदा. रंगाच्या बाबतीत लोकांची हौस कुठवर जाईल याचा नेम नसतो. कुणाला पिस्त्याचा हिरवा हवा असतो, कुणाला आपल्या पहिल्या मोटारीचा निळा. युटा कुणाला हसत नाही. जुना रंग उतरवायचा, पितळ घासून उघडं करायचं, नवा हात द्यायचा आणि स्वयंपाकघरातून हद्दपार झालेल्या ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा. बिघडलेला केक निदान खाता तरी येतो, असं ती म्हणते.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी ट्रामेरबाई आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या, हातमोजे न काढणाऱ्या. त्यांनी पन्नासच्या दशकातला एक कॅमेरा टेबलावर ठेवला. कुठला रंग, असं विचारल्यावर म्हणाल्या, "डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की दिसतो ना, तो. आतूनसुद्धा."

युटाने समजावलं की कॅमेरा आतून काळाच लागतो, नाहीतर उजेड आतल्या आत उड्या मारतो आणि फिल्म वाया जाते. बाई म्हणाल्या, फिल्म घालायचीच नाहीये. शुक्रवारी अकराला न्यायचं ठरलं. पावतीवर पत्ता घ्यायचा तेवढा राहून गेला.

दुकानात एक नियम होता, युटाच्या वडिलांनी, राइनहोल्टनी घालून दिलेला. गिऱ्हाइकाने रंगाचा नमुना आणला, मग ते कापड असो की दाराचा टवका, की त्याचे आधी दोन तुकडे करायचे. एक कामाला घ्यायचा, दुसरा पाकिटात घालून खणात टाकायचा. नमुना सगळाच्या सगळा कधी वापरायचा नाही. का, ते वडील सांगत नसत. पण या नमुन्याचे तुकडे करणार कसे? युटाने खिडकीत उभं राहून डोळे मिटून पाहिलं. डोळे उघडून वाटीतल्या रंगाकडे बघेपर्यंत तो निसटून जात होता.

"मला विचार की," वडील मागच्या खोलीतून म्हणाले. "मी दुसरं काय बघतो?"

ते खरंच होतं. सहा वर्षांपूर्वी राइनहोल्टची दृष्टी गेली. उरलं ते एवढंच: अंगणाकडच्या खिडकीत बसून डोळे मिटले की एक तांबूस उजेड. त्यासाठी ते रोज बाराच्या ठोक्याला खुर्चीत जाऊन बसत, लोक जेवायला बसतात तसे. उजेड असला की बोलत, विनोद करत, शेजारणीच्या चुका काढत. ढगाळ दिवशी तोंडातून शब्द निघत नसे. एवढं तरी यांचं राहू दे, असं युटाला रोज वाटायचं.

चाळीस वर्षं रंग कालवलेला माणूस तो. सोमवारी दुपारभर खुर्चीतून हुकूम सुटत होते. तांबडा अजून दोन थेंब. पिवळा नको, ऊन कोवळं नाहीये. काळा सुईच्या टोकाएवढा. सहा वर्षांनी त्यांचा आवाज पुन्हा मालकाचा झाला होता. युटाला इतकं बरं वाटलं, की नियमाची तिला आठवणही झाली नाही.

मंगळवारी पहिला हात दिला. बुधवारी वडील म्हणाले, "आज ढग आहेत." ऊन लख्ख होतं, त्यांच्या टकलावर चमकत होतं. युटा म्हणाली, आहेत थोडे.

बुधवारी दुसरा हात झाला. गुरुवारी त्यांनी खुर्ची उन्हात सरकवायला सांगितली. तिने सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा सांगितली. डॉक्टर म्हणालेच होते, कधीतरी हेही जाईल. असं स्वतःला बजावत युटाने संध्याकाळी आतला हात दिला.

शुक्रवारी सकाळी नऊला वडिलांच्या गुडघ्यांवर ऊन पसरलं होतं.

"उजाडलं नाही का गं अजून?" त्यांनी विचारलं.

आता युटाला नियम आठवला: नमुना सगळाच्या सगळा वापरायचा नाही. ती रंग उतरवायचं औषध आणि चिंधी घेऊन धावत आली, तर कॅमेरा वडिलांच्या मांडीवर होता. अंगठ्याने ते काम तपासत होते. त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"हे बघ. आलं."

युटाने कॅमेरा अलगद उचलला, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि आवाज न करता झाकण लावलं.

"गेलं," वडील म्हणाले.

तिने काढलं.

"आलं."

चिंधी तिच्या हातातच राहिली. आता रंग उतरवायची तिची छाती होईना.

अकराला ट्रामेरबाई आल्या. युटाने हात जोडल्यासारखं केलं. कपाटातला हवा तो कॅमेरा घ्या, दोन घ्या, हा ठेवून जा. बाईंनी हात पुढे केला.

"युटा," वडील म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू आहे. द्यायची."

"बाबा, तुम्हाला कळतंय का मी काय देतेय?"

"रंग मीच सांगितलाय. मला कळणार नाही?"

तिने दिला. बाईंनी तो हातमोज्यातल्या हातांनी नीट धरला.

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मी झाकण लावत नाही."

झाकणाबद्दल त्यांच्याशी कुणी काहीच बोललेलं नव्हतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. वडील आता खिडकीकडे पाठ करूनही बसत. बाहेर पाऊस कोसळत असला तरी ऊन छान पडलंय म्हणत. दिसतंय ना, मग कुठलं का असेना, अशी युटाने मनाची समजूत घातली. हळूहळू त्यांना आकारही दिसू लागले. खिडकीची चौकट. एक हातमोजा. ते हरखून सांगत आणि युटा हं हं करत हातातलं काम पुढे नेत असे. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे ती निरखून बघायची. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत.

नोव्हेंबरात एका दुपारी सूप पिता पिता वडील थांबले.

"मला फळीवर ठेवलंय," ते म्हणाले. "एकटा नाहीये मी. ओळीने बरेच आहेत. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही."

युटाने चमचा खाली ठेवला.

"तेही बघतात का, बाबा?"

वडिलांनी मान वळवून बाजूला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या शेजारच्यापर्यंत सगळ्यांना झाकणं लावून झालीत."