पुतळ्याची पाठ

“पुतळा समोरून बघायचा. मागे जायचं नाही. का, ते विचारायचं नाही.”

काकांच्या कार्यशाळेत शिल्पकला समजून घ्यायला आलेल्या पुतणीला पहिल्याच दिवशी हा नियम मिळाला. उत्तर नसलं की वडीलधारे नियम करतात, हे तिला ठाऊक होतं.

“समोरूनच बघायचं तर फोटो काय वाईट?”

“चार बुकं शिकली की शिंगं फुटतात,” काकांचे भागीदार मास्तर म्हणाले. पन्नास पुढाऱ्यांना एकच नाक चिकटवणारा हा माणूस तिला सौंदर्य शिकवणार होता!

एका दुपारी दोघे जेवून आडवे झाले. मातीच्या कामांवरची फडकी भिजवायला ती आत गेली. कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर पुढे, आत्याचा प्लास्टरचा पुतळा होता. विसाव्या वर्षी आत्या पुतळ्यासाठी काकांसमोर उभी राहिली, पुतळा झाला, आणि महिन्याभरात ती तापाने गेली. “चेहऱ्यावरची शांती बघ,” काका सांगत. कसली शांती! उकडलेला बटाटा नुसता.

बादली ठेवून ती मागे शिरली. तिथे उजेड नव्हता. तिने हात फिरवला. तीस वर्षांचं प्लास्टर... ओलं होतं. कोमट होतं. बोटांना मणका न् मणका लागला. मान आखडलेली, खांदे कानांपर्यंत ओढलेले, जसा कुणी भीतीने श्वास रोखून धरावा. पुढचं सगळं खोटं. खरी बाई इथे होती. शिल्प कसं बघायचं ते तिला त्या क्षणी कळलं.

मग हाताखालचे खांदे सावकाश खाली आले.

ती धडपडत बाहेर आली. दारात काका उभे होते, मागे उंबऱ्यापलीकडे मास्तर. दोघे रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं.

“कळली पाठ?” काका हळूच म्हणाले. “मग झालं शिक्षण. आता पाटावर उभी राहा. तुझा पुतळा करायचाय.”

“नाही.”

“तुझी आत्याही आधी नाहीच म्हणत होती... आम्ही समजावलं.”

“मला नका समजावू. मी उभी राहणार नाही. आणि तिला भिंतीकडे तोंड करून ठेवा, लोकांना पाठ दिसू दे. तुमच्या हातून जन्मात तेवढंच एक खरं काम झालंय.”

मास्तर वळले. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर ओल्या प्लास्टरचा पंजा उमटला होता... लहानसा, बाईचा. पुतणी त्यांच्या जवळही गेली नव्हती.